गुरुवारचा टॉवेल

जुना जालना
९ मार्च २०२५

आत्याबाई,

पाया पडते. फोनवर तुम्हाला आता काहीच ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. शिवाय फोन असतो यांच्या खिशात. म्हणून हा कागद. संपतभाऊंची जीप उद्या घनसावंगीला निघणार आहे, त्यांच्याजवळ देते. माझी सासू चौथीपर्यंत शाळेत गेली हे माझं नशीबच म्हणायचं.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं. ते खोडलं. मला भीती वाटते.

तुमच्या माऊलीने मिलमध्ये डबल ड्युटी धरली आहे. एक शिफ्ट संपली की तिथंच नळावर तोंड धुवायचं आणि दुसरीला उभं राहायचं. आठवड्याची सुट्टी कागदावर असेल तर असेल, आमच्या गल्लीत कोणी पाहिलेली नाही. तुम्ही यांचं काम कधी पाहिलं नाही म्हणून सांगते. लोखंडाची लालभडक सळई रोलातून सळसळत बाहेर येते. ती चिमट्याने पकडायची, वळवायची आणि पुढच्या रोलात घालायची. पकड चुकली तर सळई माणसाकडे वळते. जोडीदार आहेत राधेश्यामभाऊ, अंबडकडचे, चार घरं सोडून राहतात. एकाने सळई धरायची, तोवर दुसऱ्याने बाहेर जाऊन वारा घ्यायचा, अशी त्यांची जोडी.

परवा हे जेवता जेवता झोपले. तुकडा वरणात बुडवला, हात तसाच राहिला आणि डोळे मिटले. मला आधी हसू आलं. हाक मारली तर उठेनात. खांदा हलवला तेव्हा दचकून जागे झाले आणि दोन्ही हात पुढे केले, चिमटा धरल्यासारखे. त्या हातांची मला धास्ती बसली आहे.

तुम्ही त्यांना दोन शब्द सांगा. माझं ऐकत नाहीत.

तुमची शीतल


धोंडपिंपळ, ता. घनसावंगी
१६ मार्च

शीतल पोरी,

तुझा कागद संपतनं आणून दिला. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, वाचता वाचता चहा थंड झाला.

अगं, तरणा माणूस कामावरून आला की झोपणारच. त्याच्या बापाला मी नांगरामागं चालता चालता पेंगताना पाहिलं आहे, बैल आपोआप वळायचे. माऊली तर लहानपणापासून बुडाखाली काटे असल्यासारखा. आपलं गाव गुरुवार पाळतं, त्या दिवशी औत जुंपत नाही की खुरपं उचलत नाही, पण ह्याला तेवढा दिवसही बसवत नसे. गाव मागं राहिलं ते ह्या गुरुवारापायी, असं तोंडावर सांगून तो जालन्याला गेला. मला तेव्हा राग आला होता, पण खरं सांगू, थोडा अभिमानही वाटला. बसून राहणारा नवरा मिळाला असता तर तू मला दुसऱ्याच गोष्टीचं पत्र लिहिलं असतंस.

बसण्यावरून आठवलं. मागच्या गुरुवारी तालुक्याहून एक बाई आल्या होत्या. गावाला फुरसत पाहिजे, बसायला-खेळायला, गाणी म्हणायला जागा पाहिजे, त्यानंही गावाचा विकास होतो, असं बराच वेळ सांगत होत्या म्हणे. शेजारची जयवंताबाई माझ्या कानाशी ओरडत होती म्हणून एवढं तरी कळलं. आपल्या भुजंग सरपंचानं लगेच पाराला पत्र्याचं शेड मागून घेतलं. मी उठले आणि विचारलं, "बाई, गुरुवारी बाप्ये पारावर बसतेत अन् आम्ही त्याहिला भजे तळून देतो. मंग आमचा गुरुवार कोणत्या वारी येतो?" बायका हसून लोळल्या. बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, भुजंगचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

संपतजवळ तूप दिलं आहे. माऊलीला रोज भाकरीवर घाल आणि उगाच जिवाला घोर लावून घेऊ नको.

द्वारकाबाई


जुना जालना
१ एप्रिल

आत्याबाई,

तूप मिळालं. यांनी अजून चाखलेलं नाही, कारण घरी धड जेवणच होत नाही.

पाडव्याला गुढी उभारायला हे नव्हते. राधेश्यामभाऊही नव्हते. मग मी आणि त्यांची सत्यशीला, दोघींनी एकमेकींच्या गुढ्या बांधल्या. ती वरवर हसत होती. साखरेची गाठी बांधताना तिने हळूच विचारलं, "तुझे बी झोपेत हात हालवतेत का?" मी हो म्हटलं. तिने गाठीचा दोरा अजून एकदा आवळला.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. संक्रांतीनंतर यांच्या पोटरीला सळई घासून गेली आहे. कातडी अजून धरलेली नाही. आईला कळवलंस तर बघ, म्हणाले होते. परवा सकाळी मी तव्यावर भाकरी टाकत होते, यांनी बोलता बोलता तव्याच्या कडेला हात टेकवला आणि तसाच ठेवला. मीच ओढून काढला. ते माझ्याकडे बघत राहिले, काय झालं म्हणून. आणि काल दुपारी गल्लीच्या तोंडाशी गाडी चालू ठेवून उभे होते. सत्यशीला त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. आपलं घर कोणतं ते आठवत नव्हतं.

एक दिवस सुट्टी घ्या म्हणून मी भांडले. ते म्हणाले, "मी घरी बसलो की माझा बोजा राधेश्यामच्या डोक्यावर. तिथं लाइन थांबत न्हाई, शीतल. माणूस पडला तर दुसरा उभा करतेत." मग चपला घालता घालता म्हणाले, "अन् घरीच बसायचं होतं तर गाव काय वाईट होतं?"

आता दारात यांच्या चपला वाजल्या की माझा जीव भांड्यात पडतो आणि परत निघाले की मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे जाते. गल्लीत एखादी अनोळखी गाडी थांबली तरी मी हातातलं टाकून दारात येते. आत्याबाई, तूप नको. काहीतरी करा. नाहीतर यांना एक दिवस उचलून आणतील.

शीतल


धोंडपिंपळ
६ एप्रिल

शीतल,

तूप पाठवल्याची लाज वाटली. पोटरीचं वाचलं आणि तशीच चुलीपुढं लिहायला बसले. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आता सांगते ते नीट कर. आपल्या गावात गुरुवारी दर घराची बारी असते हे तू ऐकलं असशील. बारीचा माणूस रानाकडच्या वाटेवर टॉवेल आडवा अंथरतो आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्याच्या बाजूला बसतो. त्यानं काही करायचं नाही, दोरीसुद्धा वळायची नाही. कोणाशी भांडायचं नाही, कोणाला अडवायचं नाही. नुसतं बसायचं. पण तो टॉवेल ओलांडून औत जात नाही, ट्रॅक्टरवाली पोरंही तोंड वाकडं करून परत फिरतात. ज्या घरानं बारी चुकवली त्या घरावर काही ना काही येतं, असं सगळे मानतात.

१७ तारखेच्या गुरुवारी आपली बारी आहे. घरात दुसरा बाप्या माणूस नाही. माऊलीला सांग, आईनं बोलावलं आहे, बारी चुकवायची नाही. गावाला तो कितीही नावं ठेवो, बारीला नाही म्हणणार नाही. माझा तेवढा तरी धाक आहे.

त्याला बुधवारीच संपतच्या जीपमध्ये बसवून दे. गाडीवर येऊ देऊ नको, रस्त्यात झोपेल.

द्वारकाबाई


जुना जालना
२० एप्रिल

आत्याबाई,

कसं लिहू कळत नाही. हे शुक्रवारी सुखरूप पोचले. घरी आले तेव्हा चेहऱ्यावर रंग होता, कितीतरी दिवसांनी मला नावाने हाक मारली. मी पाणी दिलं आणि मग सांगितलं.

गुरुवारी दुपारी राधेश्यामभाऊंना सळई लागली. यांच्या जागेवर ते उभे होते. आपणहून घेतली होती त्यांनी यांची शिफ्ट. स्वतःची करून यांचीही. सळई रोलात शिरताना वाकली आणि उसळून परत आली. बाजूला व्हायला अर्ध्या क्षणाचं काम होतं, पण त्यांचे डोळे मिटलेले होते, असं त्याच लाइनवरचे, आमच्या समोरचे ओमप्रकाश सांगत होते. डाव्या पायाचं पाऊल काढावं लागलं. जिवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणतात.

मी दवाखान्यात सत्यशीलाजवळ बसले होते. ती रडत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं तुझे बारीला गेल्ते. देवाच्या कामाला गेलं म्हणून वाचले." आत्याबाई, तिने हे मनापासून म्हटलं. मला तिथं बसवेना.

हे परवापासून दवाखान्यातच बसून आहेत. देवाने आपल्याला वाचवलं असं मी म्हणू का? मला म्हणवत नाही.

शीतल


धोंडपिंपळ
२५ एप्रिल

शीतल,

देवाला मध्ये आणू नको. देवाचा ह्यात हात नव्हता, माझा होता.

आपली बारी दिवाळीनंतर होती. १७ तारखेचा गुरुवार आबारावांच्या घराचा. मी त्यांच्या दारात गेले, पदर पसरला आणि त्यांची बारी मागून घेतली. त्यांनी कारण विचारलं नाही. मी तुला खोटं लिहिलं, म्हणजे तू त्याला खरं वाटून सांगशील. भीतीनं माणसाला काय सुचेल याचा नेम नाही.

माऊलीनं तो दिवस कसा घालवला हे त्यानं तुला सांगितलं नसेल. टॉवेल अंथरला आणि त्याच्या बाजूला तिथंच मातीत आडवा झाला. जयवंताबाई भाकरी घेऊन गेली, उठला नाही. ऊन अंगावर आलं, उठला नाही. माणसं गोळा झाली. भुजंग सरपंचानं त्याच्या नाकाशी बोट धरलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. मला ऐकू येत नाही. मला वाटलं, गेला. मी माऊलीच्या छातीवर हात ठेवला, ठोका हाताला लागला, तेव्हा मी तिथंच त्याच्याजवळ मातीत बसले. दिवस मावळेपर्यंत मी तो हात काढला नाही. आणि त्याच दुपारी तिकडे त्या दुसऱ्या पोराचं ते झालं.

गुरुवार एकट्यानं पाळायचा नसतो, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. सगळ्यांनी औत सोडलं तर तो गुरुवार. एकानं सोडलं आणि बाकीचे राबले तर त्याचं ओझं कोणाच्या तरी मानेवर जातंच. म्हणून टॉवेल वाटेवर अंथरतात, आपल्या अंगणात नाही. मी सगळं माहीत असून माझ्या लेकापुरता गुरुवार काढून घेतला.

सत्यशीलाला काय सांगायचं ते तू ठरव.

द्वारकाबाई


जुना जालना
५ मे

आत्याबाई,

तुम्ही एकट्याच वाईट नाही. राधेश्यामभाऊंनी शिफ्ट आपणहून घेतली असं मी लिहिलं होतं, तेही खोटं. हे बारीला जायला तयार होते, पण जागेवर कोण, म्हणून अडून बसले होते. मंगळवारी मी सत्यशीलाच्या दारात गेले. म्हटलं, गावच्या देवाचं काम आहे, एवढा एक दिवस तुझ्या मालकांना सांग. ती म्हणाली, त्यांचाही डोळ्याला डोळा लागत नाही. मी तरी उभी राहिले. शेवटी तिने मान हलवली. तिच्या घरातली भीती मला दिसत होती, आत्याबाई. माझी जास्त मोठी वाटली, एवढंच.

आता जे चाललं आहे ते आधीपेक्षा वाईट आहे. राधेश्यामभाऊंची जागा जाऊ नये म्हणून त्यांच्या वाटणीचं कामही हे ओढत आहेत. घरी फक्त कपडे बदलायला येतात. जवळ गेलं की करपल्याचा वास येतो, भुवया जळाल्या आहेत. काल मी दाराला कडी लावून आडवी उभी राहिले. तर म्हणाले, "मी तिकडं मातीत झोपून राह्यल्तो अन् इकडं त्याचा पाय गेला. आता मला झोप आलीच न्हाई पाहिजे." आवाज बिलकुल शांत होता.

बारी देवाकडून आली असं ते धरून बसले आहेत, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली म्हणून आता हे स्वतः मोजत आहेत. खरं सांगितलं तर तुमचं-माझं तोंड बघणार नाहीत. नाही सांगितलं तर बघायला राहणार नाहीत.

तुम्ही म्हणाल तसं.

शीतल


धोंडपिंपळ
९ मे

शीतल,

सांगायचं. सोबतचा कागद माऊलीला दे. तो रागावला तर माझ्यावर ढकल, मला शिव्या ऐकू येत नाहीत.

द्वारकाबाई

(सोबतचा कागद)

माऊली,

१७ तारखेची बारी आपली नव्हती. तू मरशील या भीतीनं मी ती आबारावांकडून मागून घेतली आणि तुझ्या बायकोला खोटं लिहिलं. राधेश्यामच्या पायाचं पाप माझ्याकडे आहे, शीतलकडे थोडं आहे, तुझ्याकडे नाही. तू झोपलास त्यात काही गुन्हा झाला नाही.

आता तू त्याचंही काम ओढतोस असं ऐकते. त्यानं त्याचा पाय परत येत नाही, फक्त अजून एक बाई दारात बसून राहते. तू म्हणायचास, गुरुवारापायी गाव मागं राहिलं. राहिलं असेल. पण आपल्या गावात औताखाली कोणी झोपेनं मेलेलं मी माझ्या उभ्या जन्मात ऐकलं नाही.

तुला एकट्याला घरी बस असं मी आता म्हणणार नाही, ते एकदा म्हणून बघितलं. तुम्ही सगळे मिळून बसा. कसं ते मला माहीत नाही, तुमची मिल मी पाहिलेली नाही. पण वाट तर तिथंही असेलच, कामावर जायची. टॉवेल कुठं अंथरायचा ते तू बघ.

तुझी माय


जुना जालना
२२ मे, गुरुवार

आत्याबाई,

उत्तराला उशीर झाला. तुमचा कागद काही दिवस माझ्या पिठाच्या डब्याखालीच होता, धीर होत नव्हता. एका सकाळी हे चहा पिता पिता कपासकट कलंडले, तेव्हा चहा पुसायच्या आधी मी कागद काढून हातात दिला.

वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. उठले आणि सरळ राधेश्यामभाऊंच्या घरी गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी तुमचं सांगितलं, मी माझं सांगितलं. राधेश्यामभाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. सत्यशीला तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. मग ताट खाली ठेवून म्हणाली, "माझा नंबर असता तर मी बी तुझ्या दारात उभी राह्यले असते." तिने मला माफ केलं असं मी समजत नाही. अजून ती माझ्याकडे विरजण मागायला येत नाही. पण त्या दिवशी तिने आम्हाला जा म्हटलं नाही.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी त्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागलं. हे ज्या लाइनवर आहेत ती सगळी माणसं आमच्या दोन-तीन गल्ल्यांतलीच. ठेकेदाराकडे गेले, आठवड्यातून एक दिवस लाइनच बंद ठेवा म्हणाले, एकेकाची सुट्टी नको. तो हसला. गेटबाहेर उभं राहणाऱ्यांची कमी नाही, असं बोलला. मग ठरलं की या गुरुवारी कोणीच जायचं नाही. ठरलं खरं, पण आत्याबाई, कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. एक जरी गेला तर न गेलेल्यांची नावं कटणार, हे सगळ्यांना माहीत होतं. काल संध्याकाळी पाण्याच्या नळावर बायका एकमेकींना विचारत होत्या, तुझे जाणार का, आणि सगळ्या न्हाई म्हणत होत्या, नजर मात्र बादलीत.

आज सकाळी मिलचा भोंगा झाला. मी दाराच्या फटीतून बघत होते. गल्लीतलं प्रत्येक दार बोटभर उघडं होतं. हे पायात चपला घालून उंबऱ्याच्या आत उभे. समोरचे ओमप्रकाश कपडे करून, डबा हातात घेऊन बाहेर आले आणि थांबले. त्यांच्या मागे अजून एक दार उघडलं. मला वाटलं, गेलं सगळं. यांनी माझ्याकडे पाहिलं. यांचा हातही कडीवर गेला होता, मी खोटं सांगत नाही.

तेवढ्यात राधेश्यामभाऊ बाहेर आले. कुबड्या घेतल्यापासून आज पहिल्यांदाच घराबाहेर पडले. सत्यशीला मागे चालत होती, पण हात लावत नव्हती. ते गल्लीच्या तोंडाशी गेले, कुबड्या भिंतीला लावल्या, खांद्यावरचा टॉवेल काढून वाटेवर आडवा अंथरला आणि त्याच्या बाजूला बसले. कोणाकडे पाहिलं नाही. बारीचं यांनीच त्यांना कधीतरी दवाखान्यात सांगितलं होतं म्हणे.

ओमप्रकाश टॉवेलापर्यंत गेले. उभे राहिले. डबा या हातातून त्या हातात घेतला. टॉवेलाच्या अलीकडे तो गुंडाळलेला पाय होता, त्याकडे त्यांचं लक्ष जात होतं. मग ते तिथंच खाली बसले, डबा उघडला आणि राधेश्यामभाऊंच्या पुढे सरकवला. मागून आलेलाही बसला. यांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि अनवाणीच त्यांच्यात जाऊन बसले. भोंगा दुसऱ्यांदा झाला. कोणी उठलं नाही.

गेटवर बाहेरून माणसं आणली की लाइन बंद राहिली, अजून कळलेलं नाही. उद्या शुक्रवार. उद्या गेटवर कोणाकोणाला परत पाठवतील, यांची जागा राहील का, मला काही माहीत नाही. भीती आहे तेवढीच आहे, आत्याबाई. फक्त आज ती एकट्या माझ्या घरात नाही, सगळ्या गल्लीत वाटली गेली आहे.

दुपार झाली आहे. हे मघाशी घरात येऊन फरशीवर झोपले. हात पुढे येतात का ते मी बघत बसले होते, आले नाहीत. मग तुमच्यासारखा छातीवर हात ठेवून पाहिला. ठोका बराबर आहे. सत्यशीला दारात येऊन बसली आहे, विरजण मागायला आले म्हणते, पण भांडं आणलेलं नाही. आज दोघींनीही चूल पेटवलेली नाही. कालच्या भाकरी आहेत. हे उठले की खाऊ.

तुमची शीतल